मुलांच्या पल्ल्याने

प्रवासाचा पल्ला गाडीच्या सामर्थ्यावरून ठरवावयाचा की गाडीत बसणाऱ्या सर्वांत लहान जिवाच्या सहनशक्तीवरून, हा प्रश्न काही वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यापर्यंत माझ्या मनात उद्भवलाच नव्हता. पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत स्वतःच्या गाडीने जावे, साडेचार वर्षांच्या मुलाला आणि दीड वर्षाच्या मुलीला तिथला समुद्र दाखवावा, आणि अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी ज्याच्यासाठी आपली उमेदीची वर्षे वेचली, ते १९७० साली उभे राहिलेले विवेकानंद शिलास्मारक एकदा डोळे भरून पाहावे, ही इच्छा फार दिवसांची होती. अंतर पंधराशे किलोमीटरांहून थोडे अधिक. पहिला मुक्काम बंगळूर, दुसरा थेट कन्याकुमारी, असा हिशेब मी मांडला. गाडीची तपासणी झाली, विम्याचे कागद तपासले, फास्टॅगमध्ये रक्कम भरली. मुलांसाठी म्हणून जी काही तजवीज केली ती एवढीच, की त्यांनी कुरकुर करू नये म्हणून मोबाइलमध्ये भरपूर कार्टून भरून घेतले.

पहाटे पाचला दूध पाजून मुलांना उचलून गाडीत ठेवले. खंबाटकीचा घाट चढताना मुलगा मान खाली घालून मोबाइल पाहत होता, आणि घाट उतरण्यापूर्वीच त्याला भडभडून उलटी झाली. गाडी लागणे हा प्रकार आपल्याकडे इतका परिचित, की त्याचे कारण विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. वस्तुतः डोळे हातातल्या स्थिर पडद्याकडे लागलेले असतात, आणि अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र प्रत्येक वळणाची खबर मेंदूला देत असते, त्या दोन साक्षींत मेळ न बसल्यामुळे मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. म्हणजे मुलाने शांत बसावे म्हणून जी वस्तू मी त्याच्या हाती दिली, तिनेच त्याच्या दुखण्यास निमंत्रण दिले.

दुसरी उलटी कराडला, तिसरी कोल्हापूर मागे पडल्यावर. पोटात काही नसले म्हणजे बाहेरही काही पडणार नाही, अशा समजुतीने आम्ही त्याला पाणी देण्याचेही थांबविले. मधून मधून तो पाणी मागत होता, आणि आम्ही त्याला “थोडं थांब हं, बाळा” म्हणून समजावीत होतो. हे शब्द आठवले की आजही मला अपराधी वाटते. बेळगाव ओलांडल्यावर तो मागेनासा झाला. त्याला झोप लागली असे आम्ही मानले, आणि आता विनाव्यत्यय अंतर कापता येईल म्हणून मी गाडी न थांबविता तशीच पुढे नेली. मे महिन्यातील ऐन दुपार, मागच्या काचेतून त्याच्या पायांवर पडणारे ऊन, आणि ती निःशब्द शांतता. हावेरीच्या पुढे पत्नीने त्याचे ओठ पाहिले. त्यांवर पापुद्रे धरले होते, डोळे खोल गेले होते, आणि हाक मारली असता त्याने केवळ पापण्या उचलल्या.

दावणगेऱ्याच्या एका रुग्णालयात बेळगावकडची मराठी बोलणारी एक प्रौढ परिचारिका भेटली. तिने ना गाव विचारले ना नाव, पहिला प्रश्न केला, “बाळानं सकाळपासनं सू केलंय काय?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. पहाटेपासून त्याने लघवी केली नव्हती, आणि दहा तासांत ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानी आली नव्हती. डॉक्टरांनी त्याला तपासले, शिरेतून सलाइन दिले, आणि तो सावध झाल्यावर त्या बाईंनी जलसंजीवनीचे पाकीट फोडून, पाणी मोजून, चमच्याने पाजण्याची रीत आम्हांला शिकविली: दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा एक चमचा, घाई मुळीच करावयाची नाही. रात्री नऊच्या सुमारास त्याने लघवी केली, तेव्हा पत्नीला रडू आवरेना.

आम्ही तिथून परत फिरलो. पुढच्या जानेवारीत पुन्हा निघालो, तेव्हा मुक्काम ठरले ते असे: कोल्हापूर, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, मदुराई, कन्याकुमारी. या प्रत्येक टप्प्याचे अंतर साधारण दोनशे ते अडीचशे किलोमीटर भरते, आणि पाच वर्षांखालील मूल बरोबर असता एका दिवसाला याहून अधिक मजल मारू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. जानेवारी निवडण्याचे कारण असे, की उन्हाळा टळतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत तामिळनाडूत कोसळणारा ईशान्य मोसमी पाऊसही बहुधा ओसरलेला असतो.

निघताना मुलांना पोटभर दूध पाजू नये; कोरडी पोळी, चुरमुरे, भाजलेले खाकरे असे हलके काही थोडे थोडे द्यावे. घाटात मोबाइल काढून घ्यावा, आणि मुलाला समोर दूरवर पाहावयास लावावे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना मोकळे पळू द्यावे, आणि त्याच वेळी पाणी पाजून लघवीस न्यावे. सहा तासांत लघवी झाली नसेल, तर पुढचा मुक्काम विसरून जवळचे रुग्णालय गाठावे. जलसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी, कारण कमी पाण्यात ती अपाय करते, आणि गोड शीतपेये तिची जागा घेऊ शकत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटासाठी ११२, हे क्रमांक कागदावर लिहून पुढच्या काचेपाशी चिकटवावेत.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पहिल्या प्रवासात मुलगी आईच्या मांडीवर होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. परंतु दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी, अचानक ब्रेक लागला असता मांडीवरचे मूल धरून ठेवण्याची ताकद कोणत्याही आईच्या हातांत नसते. दुसऱ्या खेपेस दोघांचीही आसने मागच्या बाकावर पक्की बांधली. मुलीने पहिला दिवस रडून काढला, दुसऱ्या दिवशी ती त्यातच झोपली.

चित्रदुर्गाला दुपारीच पोहोचल्यामुळे किल्ला पाहावयास सवड मिळाली. हैदरअलीचे सैनिक ज्या फटीतून आत शिरत होते आणि जिच्या तोंडाशी ओबव्वा नावाच्या स्त्रीने मुसळ घेऊन त्यांना एकेक करून टिपले, ती अरुंद फट मुलाने चार वेळा पार केली.

सात मुक्कामांवर मी एक दिवस मोकळा राखला होता, आणि तो अखेरीस कामी आला. कन्याकुमारीत पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला असल्याने शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटी बंद होत्या. आम्ही दिवसभर किनाऱ्यावर शंखशिंपले वेचले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.