आधी मोजू, मग लिहू

घरी पाहुणे आले, की आपण चार वर्षांच्या पोराला पुढे बोलावतो. "बाळ, आकडे म्हणून दाखव," असे सांगतो. पोर हात मागे बांधते आणि एका दमात वीसपर्यंत, कधी पन्नासपर्यंत म्हणून मोकळे होते. पाहुणे शाबासकी देतात. आईबापांना बरे वाटते.

आता त्याच पोराला सांगा, "बाळ, बुट्टीतले पाच कांदे आण बघू." पोर हातांत मावतील तेवढे कांदे घेऊन येते. कधी तीन असतात, कधी सात. असे का होते? पोर मठ्ठ आहे का? मुळीच नाही. त्याला आकड्यांची नावे पाठ झाली आहेत. मोजणे अजून यायचे आहे.

आकडे म्हणणे वेगळे आणि वस्तू मोजणे वेगळे. म्हणणे तोंडाचे काम आहे. मोजण्याला हात, डोळे आणि डोके ही तिन्ही लागतात. हे मोजणे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरच्या घरी कसे शिकवावे, ते आपण या पाठात पाहू.

आपल्याला जमेल का?

तुम्ही म्हणाल, "आम्हीच आत्ता कुठे वाचायला लागलो. आम्ही पोरांना गणित काय शिकवणार?"

मंडळी, मोजणे तुम्हाला अक्षरांच्या आधीपासून येते. पाटी न बघितलेला मेंढकाही सांजच्याला वाड्यात मेंढरे कोंडताना एक कमी असले तर लगेच ओळखतो. भाकरी करणारी बाई किती माणसांना किती पीठ लागेल, ते परातीत हात घालूनच सांगते. हे गणितच आहे. ते फक्त कागदावर नाही.

सातारा आणि सांगली ही एका घरची भावंडे. सांगली जिल्हा आधी साताऱ्यातच होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. पुढे ही मोहीम सगळ्या महाराष्ट्रात गेली. मोठ्या वयात अक्षर गिरवणारी ती आपलीच माणसे होती. त्यांना जमले, तर आपल्याला पोराबरोबर बसून खडे मोजायला का जमू नये?

अंगणातली शाळा

लहान मुलांना शिकवायला महागडी खेळणी लागतात, असे पुष्कळांना वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी हे खोटे ठरवले. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले. बोर्डी समुद्रकाठी आहे, आज ती पालघर जिल्ह्यात येते. गोरगरिबांची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या बायका बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. शहरातली विकतची साधने तिथे परवडणारी नव्हती. मग खडे, शिंपले, पाने, बिया आणि माती हीच साधने झाली.

पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज आपल्या गावात जी अंगणवाडी आहे, ती या योजनेतली. तिचे नाव मात्र ताराबाईंच्या त्या अंगणातून आलेले आहे.

मूल अंगणवाडीत जात असेल तर जरूर पाठवावे. पण तिथे ते दिवसाचे थोडेच तास असते. बाकीचा वेळ ते आपल्याजवळ असते. तो वेळही शिकण्याचाच आहे.

पहिली पायरी : निवडणे

मोजण्याच्या आधी निवडणे येते. काय मोजायचे, हे कळल्याशिवाय मूल मोजणार कसे?

सांगलीकडे हळद निघते. गड्डे आणि हळकुंडे एकत्र असतात. मुलाला सांगा, "गोल गड्डे इकडे ठेव, लांब हळकुंडे तिकडे." साताऱ्याकडे घेवडा आणि शेंगा घरात असतात. त्यांचे दोन ढीग करायला सांगा. धुतलेल्या कपड्यांत मोठ्यांचे आणि लहानांचे कपडे वेगळे करायला द्या. चमचे एका डब्यात, पळ्या दुसऱ्यात.

मग विचारा, "कुठला ढीग मोठा? कुठला बारका?" अजून एक, दोन, तीन म्हणायची गरज नाही. जास्त आणि कमी डोळ्यांना कळले, तरी पहिला पाठ झाला.

दुसरी पायरी : एकाला एक

आमच्या पाहण्यातली ही एका घरची गोष्ट. आजी चुलीपाशी बसली होती. नात जवळ होती.

"बाय, आज जेवायला कोण कोण हाय?"

"आबा, तू, आई, तात्या आनि मी."

"मग ज्याचं त्याचं ताट मांड बघू."

नात एकेक ताट ठेवत गेली. "हे आबांचं. हे तुझं. हे आईचं. हे तात्यांचं. हे माझं." हातात एक ताट उरले.

"आजी, हे उरलं की गं!"

"ते कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई. ठिवते परत."

आजीने एकही आकडा सांगितला नाही. तरी नात मोजण्याच्या मुळाशी पोचली. एका माणसाला एक ताट. उरले तर ताटे जास्त, पुरले नाही तर ताटे कमी. पुढे हेच मूल एका वस्तूला एक आकडा लावते. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, असे आपण म्हणतो. ठीक आहे. ताटे मोजावीत, वाट्या मोजाव्यात, तांबे मोजावेत.

तिसरी पायरी : हात लावून मोजणे

आता पाच मोठे खडे ओळीने मांडा. मुलाचे बोट धरा. एका खड्याला बोट लावायचे आणि 'एक' म्हणायचे. दुसऱ्याला 'दोन'. घाई करू नका. मुलाचे तोंड पुढे धावते आणि बोट मागे राहते. कधी एकच खडा दोनदा मोजला जातो. म्हणून मोजलेला खडा उचलून वाटीत टाकायला लावा. मग चूक होत नाही.

मोजून झाले की विचारा, "मग खडे किती झाले?" पुष्कळ मुले पुन्हा 'एक'पासून सुरू करतात. शेवटी म्हटलेला आकडा सगळ्या ढिगाचा असतो, हे त्यांना अजून उमगलेले नसते. रागावू नका. आपणच म्हणा, "एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे मिळून पाच खडे." काही दिवसांनी मूल आपोआप 'पाच' म्हणू लागेल.

मग एक गंमत करा. तेच पाच खडे लांब लांब मांडा आणि विचारा, "आता जास्त झाले का?" चार वर्षांचे मूल बहुधा 'हो' म्हणते. ओळ लांब दिसते ना! हा त्याच्या वयाचा गुण आहे. पुन्हा जवळ घ्या, पुन्हा मोजू द्या. एक दिवस ते स्वतःच म्हणेल, "तेवढंच हाईत की!"

आधी तीनपर्यंत, मग पाचपर्यंत, मग दहापर्यंत जावे. उसाच्या कांड्या, जिन्याच्या पायऱ्या, गोठ्यातली जनावरे, सगळे मोजायला चालते. जिबली खेळताना घरे मोजावीत. मुठीत चिंचोके घेऊन 'एकी का बेकी' खेळावे. मूठ उघडून जोड्या लावाव्यात. जोडी पुरी झाली तर बेकी, एक उरला तर एकी.

टोपलीतली वांगी एकेक काढत जा. "चार होती. एक काढलं. आता किती?" शेवटी टोपली रिकामी होते. "आता किती?" "काईच न्हाई." त्यालाच शून्य म्हणतात, असे तेव्हाच सांगून टाका.

खळ्यावर धान्य मापताना जुनी माणसे पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात आणि मग 'दोन' म्हणतात. मूल शेजारी असेल तर त्याला सांगा, की लाभ म्हणजेच एक. नाही तर ते 'एक' शोधत बसेल. घरात जुने शेर-मापटे असेल तर तेही काढा. किती मापटी ओतली म्हणजे शेर भरतो, ते मुलालाच ओतून बघू द्या.

चौथी पायरी : दहाची जुडी

दहापर्यंत नीट मोजता आले, म्हणजे तुराट्यांचे बोटभर तुकडे घ्या. टोकदार नकोत. दहा तुकड्यांची एक जुडी बांधा. जुडी आणि एक सुटी काडी म्हणजे अकरा. जुडी आणि दोन सुट्या म्हणजे बारा.

मराठीत पुढचे आकडे थोडे अवघड आहेत. 'एकवीस' म्हणताना आपण आधी एक म्हणतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ लिहितो, मग १. 'एकोणतीस' ऐकले की तीस कानावर पडते, पण असतात तिसाला एक कमी. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचायची रीत आली, तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. त्या वादात आपण पडायला नको. मुलाच्या हातात दोन जुड्या आणि एक काडी असली, की कुठल्याही नावाने हाक मारा, संख्या त्याला दिसते.

लिहिणे शेवटी

काही घरांत चार वर्षांच्या पोराला एक ते शंभर लिहायला बसवतात. चुकले की चापट मारतात. बारक्या बोटांत अजून पेन्सिल धरायचे बळ आलेले नसते. पोर रडते, पाटी टाकते आणि गणिताला भिऊ लागते. अशी भीती कित्येकांच्या मनातून जन्मभर जात नाही. आपल्यापैकीही कोणी लहानपणी अशाच भीतीने शाळा सोडली असेल. ती भीती पोराच्या वाट्याला देऊ नये.

आधी मातीत किंवा रांगोळीत बोटाने आकडा काढू द्या. ३ काढला की शेजारी तीन खडे ठेवा. ६ आणि ९ मध्ये गोंधळ होतो, तो कालांतराने जातो. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मूल कंटाळले की थांबा.

हे विसरू नका

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बारीक वस्तू देऊ नका. मोठ्या मुलालाही चिंचोके, शेंगदाणे, घेवडा देऊन एकटे सोडू नका. दाणा नाकात जातो, घशात अडकतो आणि जीव घाबरा होतो. लहानग्यांसाठी कांदे, बटाटे, वाट्या बऱ्या. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बी कधीही खेळायला देऊ नका. एरंडीच्या बिया आणि गुंजा विषारी असतात. कच्चा घेवडा खाल्ल्याने पोट बिघडते. खेळ झाला की वस्तू मोजून परत ठेवा आणि मुलाचे हात धुवा. वस्तू परत मोजणे हाही एक पाठच आहे.

करून पाहा

१. आज जेवताना ताटे मांडायचे काम मुलाला द्या. किती पुरली, किती उरली, ते त्यालाच विचारा.

२. "चार कांदे आण," असे सांगा. बरोबर आणले का? कमी-जास्त आणले तर दोघे मिळून मोजा.

३. आठवडी बाजारातून आणलेल्या भाज्या मुलाकडून निवडून घ्या.

४. मूल किती वस्तू नीट मोजते, तो आकडा तुमच्या वहीत तारखेसह लिहा. महिन्याने पुन्हा लिहा. तुमच्या हातचे अक्षर आणि मुलाची मोजणी, दोन्ही पुढे गेलेली दिसतील.