‘लंगड्या’ म्हणण्याआधी

संध्याकाळी आमच्या महाल भागातल्या गल्लीबोळात पोट्टे लंगडी खेळतात. एक पाय उचलून पकडायला धावायचं, पाय टेकला की बाद. मोठी मजा असते. मग कुणीतरी चिडून ‘ए लंगड्या!’ म्हणतं, आणि ते मात्र खेळातलं नसतं. बहुतेक वेळा ते आपल्याच घरातून गेलेलं असतं.

आपण सगळेच बोलतो हो. पटली नाही की सबब ‘लंगडी’. शेजारच्या मुलाचा पहिला नंबर आला की ‘वासरात लंगडी गाय शहाणी’. मनात वाईट काही नसतं. पण लंगडं म्हणजे खोटं, नाहीतर कमी, हे ऐकणारं पोर शिकतंच.

आणि त्याचा चटका आपल्याच लेकराला बसतो. सकाळची घाई, डबा भरायचाय, व्हॅन दारात. तेवढ्यात ते लंगडत येतं, “आई, पाय दुखतो.” आपण म्हणतो, “शाळा बुडवायची सोंगं!” पायापेक्षा आईनं खोटं मानलं, हे त्याला जास्त लागतं. दोन मिनिटं खाली बसून मोजा काढून बघू या. कधी बूट घट्ट झालेला असतो, कधी टाचेला फोड. पडला-झडला नसताना लंगडत असेल, अंगात ताप असेल किंवा पाय टेकवतच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

रस्त्यात “ते काका काहून असे चालतात?” म्हटलं की आपण घाबरून हात दाबतो, “श्श!” तिथं मुलाला कळतं, की तो पाय लाज वाटण्यासारखा आहे. “त्यांच्या एका पायात जोर कमी आहे, म्हणून सावकाश चालतात,” एवढं पुरे. आपल्या लहानपणी पोलिओ झालेलं कुणीतरी गल्लीत असायचंच. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, म्हणून आजच्या मुलांना नवल वाटतं. विचारू द्या.

संत एकनाथांच्या भारुडात पांगुळ येतो, तो स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. पांगळेपण नाथांनी आपल्या अंगावर घेतलं. आपण मात्र ते दुसऱ्याच्या पोरावर टाकतो, हे मला फार खुपतं.

तुमच्या गल्लीत पाय अधू असलेलं लेकरू असेल, तर त्याला खेळात कसं यायचंय हे त्यालाच विचारायला मुलांना सांगा. आणि हाक मारायची ती त्याच्या नावानं.