बत्तीस टक्क्यांचा हिशेब

अमळनेरकडचे एक शेतकरी काका मागच्या जूनमध्ये मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते. मुलाचे बारावीचे मार्क चांगले, सीईटीही बरी गेलेली, आणि त्याच्या मनात अणुवीज केंद्राने घर केलेलं. काकांच्या मनात दोन शंका होत्या. पहिली नेहमीची, किरणोत्साराची. दुसरी मी पहिल्यांदाच ऐकली. मुलाने त्यांना कुठेतरी वाचून सांगितलं होतं की तिथे शंभर भाग उष्णता तयार होते तेव्हा वीज बनते जेमतेम बत्तीस भाग. काका म्हणाले, “बत्तीस टक्का म्हंजे नापासच ना भाऊ? तठे जाईसन पोऱ्या काय करी?”

उरलेल्या अडुसष्ट भागांचं काय होतं, हे शोधणं हेच तिथलं एक मोठं काम आहे, आणि त्यावर माणसं आयुष्यभराची नोकरी करतात. काकांना त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण जळगाव-धुळ्याच्या मुलांसाठी ही वाट वाटते तितकी लांबची नाही.

तापीचंच बघा. हतनूर धरणातलं तिचं पाणी भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राला मिळतं. तीच तापी पुढे उकाईहून काकरापारला जाते आणि तिथल्या अणुवीज केंद्राची उष्णता वाहून नेते. भुसावळ-सुरत गाडीत बसलं की जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत व्यारा येतं, आणि काकरापार तिथून जवळ. तिथे २२० मेगावॉटचे दोन जुने संच आहेत आणि ७०० मेगावॉटचे दोन नवे. नव्यांपैकी एक, म्हणजे केंद्राचा तिसरा संच, जून २०२३ मध्ये आणि दुसरा, म्हणजे चौथा, मार्च २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. रचना पूर्णपणे देशी. आपल्या मुलांना तारापूर ठाऊक असतं, पण घराजवळचं हे केंद्र ठाऊक नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता बत्तीस टक्के. ७०० मेगावॉटच्या संचात अणुभट्टी २१६६ मेगावॉट उष्णता देते. भागाकार केला की ३२ टक्क्यांच्या थोडं वर उत्तर येतं. बाकीची उष्णता गळते म्हणून जात नाही. बहुतेक सगळी कंडेन्सरमधून थंड पाण्याकडे जाते, आणि ती जावीच लागते. वाफ टर्बाइन फिरवून बाहेर पडते तेव्हा तिचं पुन्हा पाणी केल्याशिवाय चक्र पुरं होत नाही. किती उष्णतेचं काम होऊ शकेल याची कमाल मर्यादा १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिली. ती मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, वाफेच्या आणि थंड पाण्याच्या. काकरापारसारख्या भट्टीत वाफ अडीचशे अंशांच्या आसपास असते. कंडेन्सर चाळीस अंशांवर धरला तर मर्यादा येते चाळीस टक्के. म्हणजे पेपरच चाळीस मार्कांचा आहे, आणि त्यात बत्तीस मिळाले आहेत.

दीपनगरच्या ५०० मेगावॉटच्या संचांत वाफ ५४० अंशांच्या जवळ असते, म्हणून तिथे मर्यादा साठ टक्क्यांवर जाते. तरी प्रत्यक्ष कार्यक्षमता पस्तीस-छत्तीस टक्क्यांच्याच घरात असते. तिथली माणसं ती टक्क्यांत बोलत नाहीत, ‘हीट रेट’ म्हणतात: एक युनिट वीज काढायला किती किलोकॅलरी लागल्या. उष्णतेचा एक कणही न जाता सगळ्याची वीज झाली असती तर आकडा ८६० आला असता. २४०० आला की ८६० भागिले २४०० करायचं. बारावीच्या मुलाला हे जमतं, आणि त्याने ते करून बघावं.

थंड पाण्याची बाजू खानदेशातल्या पोराला पुस्तकाशिवाय कळते, कारण घरात कूलर असतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश, हवा कोरडी ठक्क, आणि कूलर खोली गारेगार करतो. जुलैत बाहेर तीसच अंश असतात, पण तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. वीज केंद्राचा कूलिंग टॉवर म्हणजे असाच अवाढव्य कूलर. पाणी किती थंड होईल हे साध्या थर्मामीटरवरून ठरत नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरून ठरतं. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना तो ओला पारा २३ अंशांच्या आसपास थांबतो. तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तो २८ च्या जवळ जातो. म्हणून टॉवरचं पाणी भर पावसाळ्यात मेपेक्षा गरम निघू शकतं. पाणी गरम झालं की कंडेन्सरचा व्हॅक्यूम उतरतो, आणि व्हॅक्यूम उतरला की तेवढ्याच इंधनात मेगावॉट कमी मिळतात. मग कुणीतरी नेमकं सांगावं लागतं की आज कमी पडलेले मेगावॉट हवेमुळे गेले, की कंडेन्सरच्या नळ्यांत साचलेल्या गाळामुळे, की कुठून तरी आत घुसणाऱ्या हवेमुळे. हवामान आपल्या हातात नाही, पण गाळ काढता येतो आणि हवेचं भोक शोधून बुजवता येतं. हा फरक आकड्यांनी सिद्ध करणारा माणूस केंद्राला हवा असतो.

अणुवीज केंद्रात या मोजणीला आणखी वजन आहे. भट्टी किती उष्णता देते हे थेट मोजता येत नाही. स्टीम जनरेटरमध्ये किती पाणी गेलं, किती तापमानाला गेलं आणि वाफ कोणत्या दाबाने बाहेर आली, यावरून ताळेबंद मांडतात. ७०० मेगावॉटच्या संचात हिशेबाने दर सेकंदाला साधारण एक टन पाणी आत जातं. त्यात एक टक्क्याची चूक म्हणजे सेकंदाला दहा लिटर, घरातली एक बादली. आणि त्या एका बादलीमागे सात मेगावॉट आहेत. वर्षभर चालले तर सहा कोटी युनिट.

ही चूक कशी शिरते तेही बघण्यासारखं आहे. पाण्याचा प्रवाह मोजायला नळीत एक अरुंद गळा केलेला असतो, त्याला व्हेंचुरी म्हणतात. गळ्यातल्या दाबाच्या फरकावरून प्रवाह कळतो. वर्षानुवर्षं गंजाचे बारीक कण त्या गळ्यावर बसतात, गळा किंचित अरुंद होतो, दाबाचा फरक वाढतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त पाणी दाखवू लागतो. कंट्रोल रूममध्ये वाटतं की भट्टी पूर्ण शक्तीवर आहे, प्रत्यक्षात ती कमी देत असते. उलट मीटरने कमी दाखवलं तर भट्टी परवान्यातली मर्यादा ओलांडून चालेल, आणि तो थेट सुरक्षेचा प्रश्न होतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांपूर्वी अनेक केंद्रांनी यासाठी ध्वनिलहरींवर चालणारे अचूक मीटर बसवायला सुरुवात केली. मोजणीतली अनिश्चितता कमी झाली, म्हणून त्यांना सुमारे दीड टक्का जास्त शक्तीवर चालायची परवानगी मिळाली. भट्टी तीच राहिली, सुधारली ती मोजणी.

काही नुकसान मात्र मान्य करूनच चालावं लागतं. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत विखंडनाच्या उष्णतेचा सुमारे पाच टक्के भाग मंदायकात, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात, उतरतो. ते पाणी फार तापू द्यायचं नसतं, म्हणून ती उष्णता बाहेर टाकतात. कोणतं नुकसान रचनेतच आहे आणि कोणतं आपल्या हयगयीचं आहे हे वेगळं काढता आलं, की अर्धं काम झालं.

या कामाला कसला मुलगा किंवा मुलगी लागते, ते एका प्रसंगाने सांगतो. धुळ्याकडच्या एका कापड प्रक्रिया कारखान्यात मी पॉलिटेक्निकच्या काही मुलांना बॉयलर दाखवायला नेलं होतं. वाफेच्या लाइनवरचा एक ड्रेन व्हॉल्व्ह बंद होता, म्हणजे त्याच्या पुढचा पाइप गार असायला हवा. एका मुलीने हातातली तापमानाची गन धरली, आकडा आला ५२. बाकीच्यांनी वहीत ५२ लिहिलं आणि पुढे निघाले. ती तिथेच उभी राहिली. पाइप चकचकीत स्टेनलेस स्टीलचा होता, आणि चकचकीत पृष्ठभागावर ही गन खोटं सांगते हे तिने वर्गात ऐकलेलं. तिने इलेक्ट्रिशियनकडून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा मागितला, पाइपवर चिकटवला, मिनिटभर थांबली आणि पुन्हा मोजलं. आकडा आला ९७. व्हॉल्व्ह ‘पास’ होत होता, वाफ रात्रंदिवस गटारात जात होती. सुपरवायझरने त्याच आठवड्यात तो बदलला. अणुवीज केंद्रातही टर्बाइनच्या बाजूला असे शेकडो व्हॉल्व्ह असतात आणि तिथेही हेच तपासतात. अशी मुलगी तुमच्या घरात असेल तर तिला या शाखेपासून परावृत्त करू नका.

आता काकांची पहिली शंका. काकरापारच्या पद्धतीच्या भट्टीत टर्बाइन, कंडेन्सर, फीड पंप ही सगळी बाजू साध्या पाण्याच्या वेगळ्या चक्रावर चालते. भट्टीचं जड पाणी तिकडे येत नाही. (तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन संचांत तसं नाही, तिथे भट्टीतलीच वाफ टर्बाइनला जाते.) किरणोत्साराच्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाचा डोस मोजला जातो. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. अपघात होतच नाहीत असं मी पालकांना सांगत नाही. काकरापारच्याच पहिल्या संचात ११ मार्च २०१६ रोजी शीतक नलिकेतून जड पाण्याची गळती झाली. संच बंद करण्यात आला, नलिका बदलल्या आणि तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. हे मुलांनी वाचावं, आपण लपवू नये. मुलगा ज्या ठिकाणी जाणार तिथे काय बिघडलं होतं आणि ते कसं दुरुस्त केलं, हे ठाऊक असलं की घरातली भीती कमी होते.

वाट कशी, तर एकच नाही. पदवीनंतरची सगळ्यात मानाची म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासून चालू. बी.ई. किंवा बी.टेक.ला किमान साठ टक्के आणि ‘गेट’ किंवा त्यांची स्वतःची परीक्षा, मग मुलाखत. त्यानंतर वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण आणि पुढे वैज्ञानिक अधिकाऱ्याची नेमणूक. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांचा जन्म १९४३ मध्ये बडवानीचा, म्हणजे शिरपूरहून सातपुडा ओलांडला की लागणाऱ्या मुलखातला. व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन ते याच ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले होते. दुसरी वाट अणुवीज महामंडळाच्या एक्झिक्युटिव्ह ट्रेनीची, तीही गेटच्या गुणांवर. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन या शाखा दोन्हीकडे चालतात. ‘न्यूक्लिअर इंजिनिअरिंग’ नावाची पदवी शोधत महागड्या खाजगी विद्यापीठांत जाण्याची गरज नाही. बांभोरी, शिरपूर किंवा धुळ्याच्या महाविद्यालयातून, किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयातून मेकॅनिकल नीट केलं आणि थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्स्फर हे दोन विषय पाठांतराने न उरकता केले, तर पाया पक्का होतो.

डिप्लोमा आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी महामंडळात स्टायपेंडरी ट्रेनीची पहिली श्रेणी आहे, बारावी विज्ञान किंवा आयटीआयवाल्यांसाठी दुसरी. काकरापार, तारापूर ही केंद्रं त्यांच्या जाहिराती वेगळ्या काढतात. वयाच्या आणि गुणांच्या अटी दर वेळी मूळ जाहिरातीतच वाचा. पैसे घेऊन ‘आत लावून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा, या भरतीत असा रस्ता नाही.

आणि अणुवीजच झाली पाहिजे असा हट्ट नको, हे मी मुलांनाही सांगतो. हिशेब तोच दीपनगरला लागतो. तिथला ६६० मेगावॉटचा नवा सुपरक्रिटिकल संच तर याच शास्त्राची पुढची पायरी आहे. साखर कारखाना, कागद गिरणी, केळीचं शीतगृह, जिथे उष्णता इकडून तिकडे जाते तिथे तो लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर ही राष्ट्रीय परीक्षा २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळे आली. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. त्यासाठी आधी अनुभव लागतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी असला तरी बॉयलरजवळ काढलेली चांगली. नागपूरला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्था आहे, पदवीनंतर तिथेही वीज केंद्राचं प्रशिक्षण मिळतं.

मागणीबद्दल एवढंच: २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज क्षमतेचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि आज ती नऊ गिगावॉटच्या आसपास आहे. उद्दिष्ट किती गाठलं जाईल यावर मी मुलाचं भविष्य टांगणार नाही. पण चालू संचातला एक टक्का शोधून देणाऱ्याचं काम नवे संच आले तरी राहतं आणि नाही आले तरी राहतं.

काकांच्या मुलाला मी त्या दिवशी एक काम दिलं, तेच तुम्हाला देतो. दोन साधे थर्मामीटर आणा, एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा, आणि कूलरच्या मागे, जिथून हवा आत शिरते तिथे, दोन्ही टांगा. रोज दुपारी तीन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहा, मेच्या पहिल्या तारखेपासून जुलैच्या शेवटच्या तारखेपर्यंत. सोबत कूलरच्या टाकीतल्या पाण्याचं तापमानही लिहा. एकही दिवस चुकवू नका, आणि चुकलाच तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. जुलै संपला की ती वही घेऊन या.