धाब्याचा कठडा व रंध्याचे झाकण

शास्त्रभाग : अनुवाद 22:8, उपदेशक 10:9, 10

मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधणाऱ्यास एक लहानशी आज्ञा आहे. धाब्यास कठडा करावा; नाही तर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. ज्यांनी धाब्याच्या घरात दिवस काढिले, त्यांस ही आज्ञा समजावून सांगणे नलगे. परंतु ती सुताराच्या कारखान्यासही लागू आहे, हे आज आपण पाहू.

सुतारकामाचा आपल्या मंडळ्यांशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनाने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे चालविलेल्या औद्योगिक शाळेत हे काम शिकविले जात असे. हातरंधा माणसाच्या बळाने चालतो. हात थांबला की तोही थांबतो. आज कोपरगावासारख्या बाजारगावी विजेचा रंधा वापरतात, तो असा नव्हे. त्याच्या मेजाच्या दोन पाटांमधील फटीत पात्यांचा रूळ मिनिटास हजारो वेळा फिरतो. वेगामुळे पाती डोळ्यांस दिसत नाहीत, आणि वीज बंद केल्यावरही रूळ काही वेळ फिरतच राहतो.

पूर्वी हा रूळ चौकोनी असे. त्याच्या कोपऱ्यांमधील पोकळीत बोट सापडले की सारा पंजा ओढला जाई. म्हणून 1922 साली इंग्लंडात झालेल्या नियमांनी, हाताने लाकूड सरकवावयाच्या रंध्यास वाटोळाच रूळ असावा, असे ठरविले. आपल्या देशात 1948 च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांस भक्कम आडोसा करण्याचे कर्तव्य घालून दिले. तो कायदा सामान्यतः विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. देवाच्या आज्ञेस मात्र अशी संख्या नाही. एकच उमेदवार मुलगा कामास असला, तरी त्याच्या बोटांचा हिशेब धन्यास द्यावा लागेल.

आता कामाचे नियम पाहू.

पहिला : पात्यांवरील झाकण काढू नये. लाकडाच्या रुंदीइतकीच पाती उघडी असावी.

दुसरा : बोथट पाते वापरू नये. लोखंड बोथट झाले तर अधिक जोर लावावा लागतो, हे उपदेशकानेही सांगितले आहे. आणि जोर लावताना हात घसरतो.

तिसरा : एका वेळी एक-दोन मिलिमीटरच तासावे. लाकडात खिळा किंवा सुटी गाठ आहे काय, हे आधी पाहावे. पात्यांचा फेरा लाकडाच्या उलट येतो. म्हणून अडकलेले लाकूड झटक्याने मागे उडते, आणि त्यावर दाबलेला हात निराधार होऊन पात्यांवर पडतो. यास्तव लाकडाच्या अगदी मागे न राहता बाजूस उभे राहावे.

चौथा : फूटभराहून आखूड तुकडा हातरंध्यानेच तासावा. पातळ फळी मूठ असलेल्या ठोकळ्याने ढकलावी. पात्यांवरून हात नेऊ नये.

पाचवा : उपरणे, सैल बाही व हातमोजे यंत्रापाशी नकोत, पाते त्यांस धरून हातासकट ओढते. ढलप्या काढणे किंवा पाते बदलणे असेल, तर वीज तोडून रूळ पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.

कोणी म्हणतात, “झाकणाने काम मंदावते, देव आमचे रक्षण करील.” बंधूंनो, आपल्या प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा हेच निमित्त पुढे केले होते, आणि त्याने ते नाकारिले (मत्तय 4:5-7). देवाने दिलेली बुद्धी बाजूस सारणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा होय. उमेदवाराचा उजवा हात गेला, तर त्याच्या घरची चूल मंदावते, आणि तो तोटा धन्याच्या कोणत्याही घाईने भरून निघत नाही. ज्याने झाकण काढिले, त्याने धाब्याचा कठडा पाडिला, असे आम्ही समजतो.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न : 1. कठड्याची आज्ञा घर बांधणाऱ्यास का केली, पडणाऱ्यास का नाही? 2. आपल्या गावी कोणत्या यंत्रास, विहिरीस किंवा कडबा कापण्याच्या चाकास आडोसा नाही? 3. तो करण्याचे काम या आठवड्यात कोण हाती घेईल?