लहान शहरातील जीवन : सातारा

मुलांनो, अजिंक्यतारा किल्ल्यावर उभे राहिले म्हणजे पायथ्याचे सातारा शहर एका दृष्टिक्षेपात दिसते. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला. मंगळवार, बुधवार, शनिवार अशी वारांची नावे असलेल्या येथील पेठा पायी फिरून पाहता येतात.

अशा शहरात मनुष्य गर्दीत हरवत नाही. दुकानदार मुलास त्याच्या वडिलांच्या नावाने ओळखतो. घरी आजारपण आले, तर शेजारी न बोलाविता धावून येतात. मात्र हीच ओळख कधी जाचक होते, कारण लहानशी चूकही पेठभर होते. नोकरीसाठी अनेक तरुण पुण्या-मुंबईस जातात व घरी वृद्ध मातापितरे उरतात. त्यांना शेजाऱ्यांचाच आधार असतो.

शहराच्या काही भागास सुमारे २५ किलोमीटरांवरील कास तलावाचे पाणी उताराने मिळते. आपला नळ व्यर्थ वाहिला, तर उंचावरील घरी पाणी चढत नाही. आणि ते घर आपल्या परिचिताचेच असते. लहान शहरात नागरिकाचे कर्तव्य असे समोरच दिसते.

स्वाध्याय : आपल्या घरी एका दिवसात किती पाणी वाया जाते, ते मोजून लिहा.