बाळंतिणीचे मन आणि सुईणीची नजर



मागच्या एकादशीला प्रसाद घेताना एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, बाळंतपणात एखादीला वेड लागतं म्हणतात, ते खरं का हो?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

इथे इंग्लंडात बाळंतिणीला घरी भेटायला येणारी मिडवाइफ म्हणजे आपली सुईणच. ती टाके, दूध, बाळाचे वजन पाहते, हे आपल्याला माहीत असते. ती आईचे मनही तपासते, हे पुष्कळ घरांत माहीत नसते.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे हे बहुतेक बाळंतिणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. प्रसूतीनंतरचे नैराश्य साधारण दहांत एकीला येते आणि त्याला उपचार लागतो. तिसरा आजार गंभीर, प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, म्हणजे पाचवीपासून बारशापर्यंतच्या गडबडीत, सुरू होतो. झोप उडते, बोलणे सुसाट किंवा असंबद्ध होते, भलतेच संशय येतात, भास होतात. तासातासाला रूप पालटते. सकाळी चांगली दिसलेली मुलगी रात्री ओळखू येत नाही.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीच्या घरातून फोन आला. सून बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. दोन रात्री झोपली नव्हती, बाळ देवाचा अवतार आहे म्हणत होती. सासूबाईंना वाटले, देवी अंगात आली. मी म्हणाले, "दमली आहे, झोप झाली की बरी होईल." दुसऱ्या दिवशी सुईण आली. तिने सर्वांना स्वयंपाकघरात पाठवले आणि सुनेला एकच साधा प्रश्न विचारला: "बाळ झोपलं की तुला झोप लागते का?" उत्तर ऐकून तिने तिथूनच फोन लावला. आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणाऱ्या रुग्णालयात जागा मिळाली. काही आठवड्यांत ती सून बरी होऊन बाळासह घरी आली. माझ्या पदवीपेक्षा त्या सुईणीची नजर मोठी ठरली.

या आजाराची शंका आली तर चार तासांत तपासणी व्हावी, असे इथले मार्गदर्शन सांगते. म्हणजे 'उद्या बघू' चालत नाही.

सुईणीचे काम गरोदरपणातच सुरू होते. पहिल्याच भेटीत ती विचारते: तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला मानसिक आजार झाला होता का? तो प्रश्न चहाडीचा नाही. ज्या स्त्रीला बायपोलर आजार आहे, तिला धोका साधारण पाचांत एक. ज्या स्त्रीला आधीच्या बाळंतपणात सायकोसिस झाला, तिला जवळपास दोनांत एक. आधी कळले, तर मानसोपचारतज्ज्ञांसह लेखी योजना तयार होते आणि औषधे नीट ठरतात. गरोदर राहिल्यावर चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत; डॉक्टरांना लगेच विचारावे.

आता आपण ज्येष्ठांनी काय करावे?

१. सुईण आली की सुनेला, लेकीला तिच्याशी एकटीने बोलू द्या. दुभाषा आपण होऊ नये. तो मागता येतो. आईसमोर, सासूसमोर मुलगी "सगळं ठीक आहे" असेच म्हणते.
२. माहेरच्या मावशीचा, आत्याचा जुना आजार लपवू नका.
३. दृष्ट काढायची तर काढा, अंगारा लावा. पण फोन आधी करा. सुईण, जीपी किंवा १११. जिवाला धोका वाटला तर ९९९. तोवर आईला आणि बाळाला एकटे सोडू नका.
४. रात्रीचे एक दूध पाजणे आपण घ्या. बाळंतिणीची झोप हेही औषधच आहे.

"मुलाला काढून नेतील" या भीतीने घरे गप्प बसतात. उपचाराचा हेतू आई आणि बाळ एकत्र राहावेत हाच असतो. या देशात प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत, गर्भधारणेशी थेट संबंध असलेल्या मातामृत्यूंत आत्महत्या हे सर्वांत मोठे कारण आहे. लपवण्याची किंमत एवढी असते.

आपल्या मंदिराच्या डबा-सेवेत बाळंतिणींची घरे जोडायची आहेत. ज्यांना आठवड्यातून एक वेळ वरण-भात पोहोचवता येईल किंवा तासभर बाळ सांभाळता येईल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. डबा देताना बाळाचे कौतुक करालच, आधी आईला विचारा, "तुला झोप लागते का गं?"