पिवळ्या फुलावर जाऊ नकोस

पोरी, दसरा झाल्यावर माळावर जाणार आहेस ते बरं करतेस. श्रावणात नुसता पाला हाती लागतो, आणि या कुळातला पाला महा फसवा. कापूस, भेंडी, जास्वंद यांचं हे कुळ. पण रस्त्याकडेला उगवणारे त्यांचे रानटी भाऊबंद बहुतेक पिवळ्या फुलांचे. फुलाचा रंग वहीत जरूर लिही, मात्र त्यावरून नाव ठरवू नकोस.

फूल खुडलंस की आधी उलटं कर. पाकळ्यांखाली हिरवा पेला असतो. त्याच्याही खाली हिरव्या पात्यांचा आणखी एक वेढा आहे का, ते बघ. पुस्तकात त्याला अपिसंवर्त म्हणतात. चिकणा, तुपकडी, भुईबळ, मुद्रा यांना तो नसतो. अमेरिकेतून आलेलं मॅल्व्हास्ट्रम नावाचं एक तण लांबून थेट तुपकडीसारखं वाटतं. पण त्याच्या पेल्याखाली तीन अरुंद पाती सापडतात, की लगेच निकाल. वनभेंडीला अशी पाच, बुडाशी एकमेकांना जुळलेली. तिचं फूल गुलाबी, त्यामुळे ती तशीही लपत नाही.

मग फळ. पिकलेलं फळ तळहातावर चोळ, फाकी सुट्या होतील, त्या मोज. चिकण्याच्या सुमारे दहा, आणि प्रत्येकीला दोन लांब शिंगं. शिंगांवरचे केस खाली वळलेले, म्हणून ती लुगड्याच्या काठाला धरून बसतात. तुपकडीच्या फाकी सहसा त्याहून कमी, शिंगं आखूड. भुईबळ जमिनीसरपट पसरते, फुलांचे देठ केसासारखे बारीक. तिच्या फाकी पाचच आणि शिंगं नाहीतच म्हण. मुद्रेच्या मात्र 15 ते 20 फाकी गोल चाकासारख्या मांडलेल्या. आम्ही पोरं त्या फळाला शाई लावून पाटीवर ठसे उमटवायचो.

चिकणा आणि मुद्रा यांत नवखी माणसं गोंधळतात, कारण दोघांची पानं हृदयाच्या आकाराची आणि मखमली. मुद्रेचं पान मोठं, देठ लांब, फूलही मोठं. शिवाय ते दुपार कलल्यावर उमलतं; सकाळी गेलीस तर कळ्याच दिसतील. लिनियसनेही मुद्रेला आधी सिडा या चिकण्याच्याच प्रजातीत घातलं होतं, नंतर तिला अब्युटिलॉनमध्ये हलवलं गेलं. तेव्हा तू गोंधळलीस तर लाजायचं कारण नाही.

खरी कसोटी तुपकडी आणि महाबला यांची, म्हणजे सिडा अक्युटा आणि सिडा ऱ्हॉम्बिफोलिया. इथे घाई करणारा हमखास चुकतो. पानाच्या देठाशी दोन बाजूंना दोन चिमुकली उपपर्णं असतात, ती भिंगातून बघ. तुपकडीत एक रुंद, भाल्याच्या पात्यासारखं आणि दुसरं दोऱ्याएवढं. महाबलेत दोन्ही दोऱ्यासारखी. पानही बोलतं: महाबलेचं पान शंकरपाळ्याच्या आकाराचं, देठाकडचा भाग बिनदातांचा, पाठ राखाडी. तुपकडीची पानं फांदीवर दोन रांगांत, एका पातळीत बसतात. पण पानाचं ऐकायचं ते उपपर्णं बघून झाल्यावरच.

लोक रानभेंडी म्हणतील ती एकच वनस्पती समजू नकोस. गावोगाव वेगळी निघते. खऱ्या भेंडीच्या गोतातली असेल तर पेला एका बाजूने फाटतो आणि फुलाबरोबर गळून पडतो. अंबाडीचा पेला फळाला धरून राहतो. दोन्हींची फळं शिवणींवर उकलतात, फाकी सुट्या होत नाहीत.

चुंच आणि निचर्डी यांचं फूल उघडून पाहिलंस तर केसर सुटे दिसतील. जास्वंदीसारखी नळी नाही. पूर्वी त्यांचं कुळ वेगळं होतं. 1998 च्या वर्गीकरणात त्यांना, काटेसावरीसकट, याच कुळात आणलं. मला ते अजून अंगवळणी पडलेलं नाही, पण तू नवं शीक.

नमुना दाबताना पिकलं फळ लहान पाकिटात घालून सोबत ठेव, आणि एक पान पालथं ठेव म्हणजे पाठ दिसेल. फुलाची वेळ जागच्या जागी टिपून घे, वाळल्यावर ती कळत नाही.

आणि मुळं उपटून कुणाला औषध म्हणून देऊ नकोस. बाजारात बलामूळ म्हणून सिडाच्या निरनिराळ्या जाती विकल्या जातात, आणि नुसतं मूळ पाहून त्या ओळखता येत नाहीत. झाडावर फळ नसेल, उपपर्णं गळून गेली असतील, तर चिठ्ठीवर नुसतं ‘सिडा’ लिही आणि पुढची जागा कोरी सोड.